रीमास्टर्ड, 180 ग्रॅम, ओरिजिनल… नक्की कुठली प्रेसिंग घ्यायची?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडतो, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. नाशिकला राहता, नुकतंच टर्नटेबल घेतलंय, जॅझ आणि साठ-सत्तरच्या दशकातलं रॉक जमवायचंय, महिन्याला चारेक हजार बाजूला काढता येतात, आणि एकाच अल्बमच्या सात-आठ आवृत्त्या समोर आल्या की डोकं चालेनासं होतं. रीमास्टर्ड, 180 ग्रॅम, हाफ स्पीड, डिलक्स, जपानी प्रेसिंग (म्हणजे जपानमधली छपाई), आणि त्यात कुणीतरी ठणकावून सांगतं की ओरिजिनल सोडून काही घेऊच नका.

मी पुण्यात बरीच वर्षं जुन्या रेकॉर्ड्सची देवघेव करतो, लोकांच्या एलपी धुऊन कॉम्प्युटरवर उतरवूनही देतो, त्यामुळे एकच अल्बम वेगवेगळ्या रूपात हाताखालून जात असतो. त्यावरून सांगतो, तुमची खरी अडचण 'सगळ्यात चांगली कुठली' ही नाहीये. खरी अडचण अशी आहे की कव्हरवर जे मोठ्या अक्षरात छापलेलं असतं त्यातलं बहुतेक आवाजाबद्दल काहीच सांगत नाही, आणि जे सांगतं ते मागच्या बाजूला मुंगीएवढ्या अक्षरात असतं नाहीतर छापलेलंच नसतं. ते काय शोधायचं एवढं कळलं की निम्मा गोंधळ संपतो.

शोधायचं काय तर तीन गोष्टी: कुठल्या टेपवरून केलंय, मास्टरिंग कुणी केलंय, आणि तबकडी छापली कुठे. याच क्रमाने. टेप म्हणजे मूळ मास्टर आहे, का तिची दुसरी-तिसरी कॉपी, का चक्क कुठल्यातरी सीडीवरून घेतलंय. मास्टरिंगवाला ठरवतो की खर्ज किती ठेवायचा, झांजा किती चमकवायच्या, आवाज किती दाबायचा. आणि छपाई चांगली नसेल तर वरचं सगळं करून तबकडी वाकडी, मध्यबिंदू सरकलेला, फटफट आवाज. 180 ग्रॅम हे फक्त वजन आहे हो. जाड तबकडी हातात छान वाटते, कमी वाकते म्हणतात, पण आवाज खोबणीत असतो, जाडीत नाही. माझ्याकडे जुन्या पातळ तबकड्या आहेत ज्या नव्या जाडजूड तबकड्यांना सहज मागे टाकतात.

आता ओरिजिनलचं. लोक असं धरून चालतात की पहिली छपाई म्हणजे कलाकाराला हवा होता तोच आवाज. पण जॅझमधला सगळ्यात जास्त खपणारा अल्बमच घ्या, माइल्स डेव्हिसचा 'काइंड ऑफ ब्लू'. 1959 मध्ये न्यूयॉर्कला कोलंबियाच्या 30व्या स्ट्रीटवरच्या स्टुडिओत दोन दिवसांत रेकॉर्ड झाला, 2 मार्च आणि 22 एप्रिल. मार्चच्या दिवशी मुख्य टेप मशीन थोडं हळू चालत होतं, कुणाच्या लक्षात आलं नाही, त्यामुळे ती टेप बरोबर वेगाने वाजवली की पहिल्या बाजूचे तिन्ही तुकडे खऱ्यापेक्षा जरा चढ्या सुरात येतात. त्याच वेळी दुसऱ्या मशीनवर जी सेफ्टी टेप, म्हणजे राखीव प्रत, चालू होती तिचा वेग बरोबर होता, आणि ती वापरून सूर दुरुस्त झाला तो 1992 साली! म्हणजे तेहतीस वर्षं जगभर सगळ्यांनी पहिली बाजू चढी ऐकली, रेकॉर्डबरोबर ट्रम्पेट-सॅक्सोफोन वाजवून शिकणाऱ्यांचा सूर जुळेना. पहिल्या खेपेच्या काही प्रतींवर तर दुसऱ्या बाजूच्या दोन तुकड्यांची नावंही उलटसुलट छापलेली होती. त्या प्रती आज प्रचंड महाग आहेत, त्यांचा आवाज खरंच रसरशीत आहे, घेणाऱ्यांना नावं ठेवायचं कारण नाही, पण 'ओरिजिनल म्हणजे बरोबर' हे गणित तिथे चालत नाही.

उलट उदाहरण पण आहे. लेड झेपेलिनच्या दुसऱ्या अल्बमची, 1969ची, सुरुवातीची अमेरिकन छपाई रॉबर्ट लुडविगने कट केली होती, म्हणजे टेपवरचा आवाज छपाईच्या मूळ तबकडीत त्याने कोरला होता, आणि खर्ज एवढा भरभक्कम ठेवला की स्वस्तातल्या प्लेअरवर सुई उडायला लागली, म्हणून कंपनीने ती काढून घेऊन सौम्य कट बाजारात आणला. आज लोक रेकॉर्डच्या आतल्या कडेला, लेबलजवळच्या रिकाम्या पट्ट्यात, 'आरएल' ही अक्षरं शोधत फिरतात. इथे ओरिजिनल खरंच वेगळं आहे. पण ते वेगळं का, तर कट करणारा माणूस आणि त्याचा निर्णय वेगळा म्हणून, तबकडी जुनी आहे म्हणून नाही. तो पट्टा वाचायची सवय लावून घ्या, तिथे कोरलेले नंबर आणि खुणा डिस्कॉग्ज या रेकॉर्ड्सच्या माहितीच्या वेबसाइटवर टाकल्या की कुठली छपाई आहे ते बहुतेक वेळा कळतं. विकणारा काय म्हणतो त्यापेक्षा ते जास्त भरवशाचं, आणि मी स्वतः विकणारा आहे तरी सांगतोय.

मग 'रीमास्टर्ड' आणि 'रीमिक्स'. हे दोन लोक सर्रास एकच समजतात. रीमास्टर म्हणजे तयार झालेल्या मिक्सवरच रंगसफेदी. रीमिक्स म्हणजे मूळ मल्टिट्रॅक (वाद्यं आणि आवाज वेगवेगळे नोंदलेली टेप) उघडून गाणारा, गिटार, ड्रम्स यांचं प्रमाण नव्याने मांडणं. 2009 साली बीटल्सच्या सगळ्या सीडी आल्या ते रीमास्टर, आणि 2017 ला जाइल्स मार्टिनने 'सार्जंट पेपर' केला तो रीमिक्स. रीमिक्स वाईटच असतो असं नाही, जेथ्रो टलचा 'अ‍ॅक्वालंग' मुळात जरा गढूळ वाजायचा, 2011 मध्ये स्टीव्हन विल्सनने रीमिक्स केला तेव्हा मला पहिल्यांदा काही वाद्यं नीट ऐकू आली. पण उलटंही होतं. स्टूजेसचा 'रॉ पॉवर', 1973चा, त्यांचाच गायक इगी पॉपने 1997 मध्ये स्वतः पुन्हा मिक्स केला आणि आवाज इतका चढवला की ऐकताना दात आवळले जातात, पुढे 2010 ला डेव्हिड बोवीने केलेलं जुनं मिक्स परत बाजारात आणावं लागलं. आणि सगळ्यात कहर म्हणजे ऑझी ऑस्बॉर्नचे पहिले दोन अल्बम, 2002 च्या रीइश्यूत (म्हणजे पुन्हा काढलेल्या आवृत्तीत) मूळ बास आणि ड्रम्स काढून दुसऱ्याच वादकांकडून नव्याने वाजवून घेतले होते, 2011 मध्ये मूळ वादक परत आले. म्हणजे त्या अल्बमची जुनी-वापरलेली सीडी घेताना साल बघितलंच पाहिजे, नाहीतर तुम्ही घेताय एक आणि वाजतंय भलतंच.

आवाज चढवण्याबद्दल थोडं, कारण रॉकमध्ये हा रोगच आहे. ऐंशीच्या दशकातली सीडी मी कॉम्प्युटरवर उघडतो तेव्हा स्क्रीनवर चढउतार दिसतात, हळू जागा हळू, जोरकस जागा जोरकस. नव्वदनंतरच्या बऱ्याच रीमास्टरमध्ये तीच लाट वरून-खालून सपाट कापलेली दिसते. पहिल्या मिनिटाला ती भारी वाटते कारण जोरात वाजते, अर्ध्या तासाने कान थकतात आणि आपण आवाज कमी करतो, का ते कळत नाही. त्यामुळे 'नवीन रीमास्टर' हे वाचून खूश होऊ नका आणि बिचकूही नका, कुणी केलंय ते बघा. दोन आवृत्त्या ताडून बघताना आवाजाची पातळी सारखी करून घ्या, नाहीतर जी जोरात वाजते तीच चांगली वाटणार, हे माझ्यासकट सगळ्यांचं होतं.

जॅझच्या बाबतीत आपण नशीबवान आहोत, सध्या रीइश्यूंचे दिवस खरंच बरे आहेत. ब्लू नोट लेबलचे पन्नास-साठच्या दशकांतले बहुतेक अल्बम रुडी व्हॅन गेल्डरने रेकॉर्ड केले, आधी न्यूजर्सीत हॅकेनसॅकला आईवडिलांच्या घरातल्या दिवाणखान्यात आणि 1959 पासून एंगलवुड क्लिफ्सच्या स्टुडिओत. त्या टेप्सवरून आज दोन मालिका निघतात, एक टोन पोएट, 2019 ला सुरू झालेली, जाड पुठ्ठ्याचं कव्हर, उत्तम छपाई, महाग. दुसरी क्लासिक व्हायनिल, साधं कव्हर, बरीच स्वस्त. गंमत अशी की दोन्हीकडे मास्टरिंग केव्हिन ग्रेच करतो. तुमच्या बजेटमध्ये मी डोळे झाकून दुसरी सांगीन. फरक आहे, पण तो नव्या टर्नटेबलवर ऐकू येण्याआधी कव्हर हातात घेऊनच जास्त कळेल. तसंच रिव्हरसाइड, प्रेस्टिज या लेबलांसाठी ओरिजिनल जॅझ क्लासिक्स मालिका आहे, ओजेसी म्हणतात. ऐंशीच्या दशकात निघालेल्या तिच्या साध्यासुध्या प्रती अजूनही वापरलेल्या मिळतात, आणि 2023 पासून मालिका नव्याने सुरू झालीय. जुन्या ओजेसी ही माझ्या मते जॅझमधली सगळ्यात कमी कौतुक झालेली खरेदी आहे.

एक मात्र गंमतीचं. व्हॅन गेल्डरने 1999 च्या सुमारास स्वतःच स्वतःच्या रेकॉर्डिंगांचं सीडीसाठी रीमास्टरिंग सुरू केलं, आरव्हीजी एडिशन नावाने. ज्याने माइक लावले त्यानेच केलंय म्हटल्यावर वाद संपायला हवा, पण त्यातल्या कित्येक सीडी अनेकांना टोकदार आणि दाबलेल्या वाटतात, मलाही वाटतात. काही जण शपथेवर सांगतात त्याच सर्वोत्तम. तेव्हा इथे 'बरोबर उत्तर' नाहीये, तुमचे स्पीकर मऊ असतील तर त्या सीडी तुम्हाला आवडूनही जातील.

टाळायचं काय ते सांगतो. युरोपातल्या कायद्याने 1963 च्या आधी प्रसिद्ध झालेल्या रेकॉर्डिंगचे हक्क तिथे संपलेत, 2013 पासून मुदत 50 ची 70 वर्षं झाली पण जे आधीच सुटलं ते सुटलं. त्यामुळे पन्नासच्या दशकातल्या जॅझचे ढीगभर स्वस्त एलपी निघतात, रंगीत तबकडी, '180 ग्रॅम व्हर्जिन व्हायनिल', 'लिमिटेड एडिशन', दोन बोनस ट्रॅक, सगळं असतं, फक्त टेप कुठली आणि मास्टरिंग कुणाचं हे नसतं. मास्टर टेप त्यांच्या हातात नसतेच, मूळ टेप मूळ कंपनीकडे असते. बेकायदा नाही ते, कधी कधी बरंही वाजतं, पण सीडीवरून कापलेली एलपी घेण्यापेक्षा ती सीडीच घ्यावी ना. ऑनलाइन सातशे-आठशे रुपये कमी दिसले की मागचं कव्हर झूम करून बघा, एकाही इंजिनिअरचं नाव नसेल तर पुढे सरका.

'पूर्ण अ‍ॅनालॉग' (म्हणजे टेपपासून तबकडीपर्यंत कुठेच डिजिटल नाही) या शब्दाचं पण फार दडपण घेऊ नका. 2022 मध्ये उघड झालं की मोबाइल फिडेलिटी या रीइश्यू काढणाऱ्या कंपनीच्या अनेक महागड्या एलपींच्या प्रक्रियेत मधे एक डिजिटल टप्पा होता, आणि तो गेली काही वर्षं होता. प्रकरण कोर्टात गेलं, लोक भडकले, आणि भडकणं रास्तच होतं कारण कंपनीने ते उघड सांगितलं नव्हतं. पण त्याच एलपी ऐकून डिजिटल कसं लगेच ओळखू येतं म्हणणाऱ्या भल्याभल्यांनी त्यांचंच कौतुक केलं होतं! चांगलं केलेलं डिजिटल कानाला खुपत नाही, एवढं त्यातून मी घेतलं.

रीइश्यूने खरोखर काय साधता येतं त्याचं माझं आवडतं उदाहरण ड्यूक एलिंग्टनचं. 7 जुलै 1956, न्यूपोर्टचा फेस्टिव्हल, टेनर सॅक्सोफोनवर पॉल गोन्साल्विस उभा राहतो आणि एका ब्लूजवर सलग 27 आवर्तनं वाजवतो, लोक खुर्च्यांवर चढून नाचायला लागतात. पण तो वाजवत होता चुकीच्या माइकमध्ये, रेकॉर्ड कंपनी कोलंबियाच्या नाही, व्हॉइस ऑफ अमेरिका या रेडिओच्या. त्यामुळे त्या वर्षी निघालेल्या एलपीवर त्याचा सोलो लांबून आल्यासारखा, आणि बाकीचा बराच भाग तर नंतर स्टुडिओत पुन्हा वाजवून वर टाळ्या जोडलेला. पुढे व्हॉइस ऑफ अमेरिकाची टेप सापडली, आणि 1999 मध्ये दोन्ही टेप एकत्र जुळवून ती संपूर्ण संध्याकाळ स्टिरिओमध्ये बाहेर आली, एक कान एका माइकचा, दुसरा दुसऱ्याचा. हा रीइश्यू मूळ एलपीपेक्षा जास्त खरा आहे, आणि तो दोन साध्या सीडींवर मिळतो. (आडनाव वाचून गोव्याचा वाटतो ना, माझ्याकडे येणारे दर वेळी विचारतात. नाही, त्याचं कुटुंब केप व्हर्डेचं, पोर्तुगीज तिथेही होते. पण 1963 ला एलिंग्टनचा बँड भारतात आला तेव्हा तोही बरोबर होता.)

आता परिस्थितीवर अवलंबून काय ते. तुम्ही टर्नटेबलचं नाव लिहिलं नाहीये. सुटकेसमध्ये येतो तसला प्लेअर असेल तर त्यावर कुठलीच महाग एलपी लावू नका, त्याची सुई जड दाबते आणि खोबणी झिजवते. नीट टर्नटेबल असेल तर पहिल्या दोन महिन्यांचे पैसे एलपीऐवजी चांगली इलिप्टिकल (लंबगोल टोकाची) सुई आणि सेटिंग यावर घाला. बाजू संपत आली की स, श चरचरतात अशी तक्रार माझ्याकडे रोज येते, लोक प्रेसिंगला शिव्या देतात, दहातल्या सात वेळा कार्ट्रिज (सुई बसवलेला छोटा भाग) वाकडं बसवलेलं असतं. हेडफोनवर ऐकत असाल तर आणखी एक गोष्ट, बीटल्सचे सुरुवातीचे अल्बम स्टिरिओत घेऊ नका, दोन ट्रॅकवर रेकॉर्ड केल्यामुळे एका कानात गाणं आणि दुसऱ्या कानात वाजवणं असा प्रकार आहे. ते मोनोत ऐका, 2014 चे मोनो एलपी मूळ अ‍ॅनालॉग टेपवरून कापलेत, मिळाले तर सोडू नका.

भारतात छापलेल्या जुन्या एलपीही बघा, कलकत्त्याजवळ दमदमला एचएमव्हीच्या कारखान्यात रॉकचे भरपूर अल्बम छापले गेले, मुंबईच्या चोर बाजारात, पुण्यात जुन्या बाजारात अजून निघतात. आवाज कित्येकदा चकित करतो, पण बहुतेक प्रती पार्ट्यांमध्ये रेकॉर्ड चेंजरवर एकावर एक पडून झिजलेल्या असतात. उन्हात तिरपी धरा, काळी चमक राहिली असेल तर ठीक, राखाडी झाक दिसली तर कितीही स्वस्त असो ठेवून द्या, धुऊन ती जात नाही. ओरखडे दिसतात त्यापेक्षा ही झीज जास्त वाईट.

बजेटचं माझं गणित असं. आधी स्ट्रीमिंगवर अल्बम पूर्ण ऐका, एकदा नाही, आठवडाभर. परत परत लावावासा वाटला तरच घ्या. महिन्याला एक नवीन चांगला रीइश्यू एलपी, आणि उरलेल्यात वापरलेल्या सीडी, ज्या सध्या लोक रद्दीच्या भावात काढून टाकताहेत. रॉकच्या ऐंशीच्या दशकातल्या सीडी तर मुद्दाम घ्या, वर सांगितलेलं आवाज चढवून सपाट करणं तेव्हा सुरू व्हायचं होतं. परदेशातून मागवायचं तर चार-पाच एकदम, कारण कस्टम्स, जीएसटी आणि कुरियरवाल्याचा चार्ज एकेका एलपीवर परवडत नाही, आणि विकणाऱ्याला सांगा की तबकडी कव्हरच्या बाहेर काढून पाठव, नाहीतर आदळआपट होऊन कव्हरची शिवण फाटते. एका अल्बमची एक बरी आवृत्ती मिळाली की तिथे थांबा. तीच गोष्ट पाच प्रेसिंगमध्ये जमवणारे माझे गिऱ्हाईक आहेत, माझं पोट त्यांच्यावर चालतं, पण त्यांना मी संगीताबद्दल बोलताना फारसं ऐकलेलं नाही.

पुढचा अल्बम कुठला हे ठरवायला एक सोपी युक्ती, कव्हरच्या मागची वादकांची नावं. आपल्याकडे तबल्याला कोण आहे हे विचारून लोक मैफलीला जातात, तसंच. 'काइंड ऑफ ब्लू'वर बास वाजवणारा पॉल चेंबर्स आवडला तर सॅक्सोफोनवाल्या जॉन कोल्ट्रेनच्या 'ब्लू ट्रेन'वरही तोच आहे. अल्टो सॅक्सोफोनवरचा कॅननबॉल अ‍ॅडर्ली आवडला तर त्याचा 1958 चा 'समथिन एल्स' घ्या, तिथे माइल्स त्याच्या हाताखाली वाजवतोय. आणि पियानोवरचा बिल एव्हान्स आवडला तर 25 जून 1961 ला व्हिलेज व्हॅनगार्ड क्लबमध्ये रेकॉर्ड झालेलं त्याचं त्रिकूट, ग्लासांची किणकिण आणि लोकांचं बोलणंसुद्धा ऐकू येतं. त्यातला बासवाला स्कॉट लाफारो अकरा दिवसांनी अपघातात गेला. एका रेकॉर्डवरून तीन रस्ते फुटले, आणि तिन्हींचे चांगले रीइश्यू मिळतात.

ठेवण्याबद्दल: उभ्या ठेवा, एकावर एक नाही. बाहेरच्या पिशव्या पॉलिथिनच्या घ्या, जाड गुळगुळीत पीव्हीसीच्या नको, वर्षानुवर्षांत त्या तबकडीवर धुरकट डाग पाडतात. नाशिकला त्रास कमी, पण पावसाळ्यात पिशव्यांची तोंडं बंद करू नका, ओल आत अडकते आणि कव्हरला बुरशी धरते, मुंबईहून येणाऱ्या मालात मी हेच बघतो.

बॉक्स सेटचं विचारलं होतं ते राहिलंच. पहिल्या वर्षात नको. सुटे अल्बम नीट ऐकले जातात, बॉक्समधली तिसरी-चौथी तबकडी बहुतेकांकडे कोरीच राहते, माझ्याकडे विकायला येतात तेव्हा प्लॅस्टिकसुद्धा निघालेलं नसतं. टर्नटेबल आणि कार्ट्रिजचं मॉडेल टाका, मग सुईचा दाब किती ठेवायचा ते सांगतो.